फ्रीजरमधला लाल भोपळा

आमच्याकडे डिसेंबर लागला की फ्रीजर मटारचा होतो. म्हणजे डोंबिवलीच्या बाजारात मटार जरा उतरला की सासूबाई पिशवीभर एकदम आणणार, टीव्हीसमोर पेपर पसरून घरातले सगळे सोलायला बसणार, मग दाणे उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढायचे, गार पाण्यात टाकायचे, फडक्यावर पसरायचे आणि पिशव्या भरून आत. मे महिन्यात तोच कप्पा आमरसाचा, कारण गणपतीत पानात आमरस वाढता आला पाहिजे असं त्यांना अगदी मनापासून वाटतं. आणि ओलं खोबरं खोवून ठेवलेला डबा तर बारा महिने. तेव्हा गोठवून ठेवणं ही काही मी घरात आणलेली नवी टूम नव्हती. तरीपण लेक सहा महिन्यांची झाल्यावर मी लाल भोपळा उकडून, गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये भरायला घेतला तेव्हा त्या ओट्यापाशी येऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "अगं, तान्ह्या बाळाला शिळं द्यायचं का?"

मला राग नाही आला. कारण प्रश्न बरोबर आहे. मटार कच्चा असतो, आमरसात साखर असते, खोबरं शेवटी भाजीत शिजतंच, पण हे शिजवलेलं, ओलं, बिनमिठाचं बिनसाखरेचं अन्न आणि खाणारं माणूस साडेसात किलोचं. शिजवलेलं अन्न साधारण ४ ते ६० अंश तापमानात राहिलं की त्यात जिवाणू फार वेगाने वाढतात, सगळं त्यांच्या सोयीचं असेल तर वीस मिनिटांत दुप्पट सुद्धा. आपल्याकडची हवा वर्षातले कितीतरी महिने अशी असते की दुपारी केलेलं वरण संध्याकाळी वास मारतं. ज्या बायकांनी फ्रीज नसताना पोरं वाढवली त्यांनी 'बाळाला ताजंच' हा नियम अनुभवातून केलेला आहे, त्याला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की हा नियम ज्या कारणासाठी आहे ते कारण पाळता आलं तर नियमाला धक्का न लावता पण माझं काम होईल.

आणि गंमत म्हणजे याची अर्धी तयारी त्यांनी स्वतःच करून ठेवली होती. त्यांनी नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून, हलकी भाजून दळून ठेवली होती. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, सावलीत वाळवून, भाजून त्याची भरड काढली होती खिमटासाठी. मेतकुटाचा डबा वेगळा, तो बाळ जरा मोठं झाल्यावर गुरगुट्या भाताबरोबर. म्हणजे बाळाचं खाणं आधी एकदम करून ठेवायचं आणि मग रोज लागेल तेवढं काढायचं, हे आपल्या घरांमधून पिढ्यानपिढ्या चालत आलेलंच आहे. फरक एवढाच की त्यांनी त्यातलं पाणी काढून टाकलं होतं. जिवाणूंना वाढायला पाणी लागतं, ते वाळवून आणि भाजून काढलं की पीठ महिना-दोन महिने टिकतं. फ्रीजरमध्ये पाणी असतं तिथेच, पण बर्फ होऊन बसलेलं असतं, त्यामुळे ते कुणाला वापरता येत नाही. मी हे आईंना (सासूबाईंना मी आईच म्हणते) त्यांच्याच नाचणीच्या डब्याकडे बोट दाखवून सांगितलं तेव्हा त्या जरा थांबल्या, आणि म्हणाल्या, "पण बर्फ वितळला की?" आणि खरं सांगायचं तर सगळी मेख तिथेच आहे. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. भाजीत जेवढे होते तेवढे वितळल्यावर पुन्हा जागे. म्हणून आत जातानाच कमीत कमी जायला हवेत आणि बाहेर आल्यावर त्यांना वेळ मिळता कामा नये. माझी नंतरची सगळी शिस्त या दोन गोष्टींभोवतीच बसली.

आता हे करायची वेळच का आली, रोज ताजं का नाही, तर त्याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली, आधी १२ होती, आणि ही मोठीच गोष्ट झाली यात शंका नाही. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे नवव्या महिन्यात लोकलच्या गर्दीत जीव मुठीत धरून जायचं नसेल म्हणून जी काही रजा आधी घेतली ती नंतरच्या सहा महिन्यांतून वजा. आणि जागतिक आरोग्य संघटनेपासून आपल्या बालरोगतज्ज्ञांपर्यंत सगळे सांगतात की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरचं खाणं सुरू. झालं, म्हणजे बाळ पहिला घास घेणार नेमकं त्याच सुमाराला, नाहीतर त्याच्याही आधी, आई ऑफिसला परत. हे दोन आकडे एकमेकांना असे घासून जातात आणि त्या फटीत प्रत्येक घर आपापला जुगाड करतं. कुठे आजी असते, कुठे पाळणाघर, कुठे बाई नोकरीच सोडते आणि त्याचा कुठे फार हिशोब होत नाही.

माझ्या घरी आजी होती हे माझं नशीब. पण आजीचे गुडघे दुखतात, आजीला सकाळी स्वतःची औषधं, देवपूजा, आजोबांचं पथ्याचं असतं, आणि मी सकाळची फास्ट पकडून जाणार ती रात्री उजाडणार. त्यांनी दिवसातून तीनदा भोपळा सोला, गाजर किसा, उकडा, वाटा, आणि मांडीवर वळवळणाऱ्या पोरीला भरवा, हे मागणं मला योग्य वाटत नव्हतं. भरवायचं त्यांनी, तो आनंद त्यांचा, पण सोलणं-चिरणं-उकडणं-गाळणं आमचं, माझं आणि नवऱ्याचं, रविवारी. ही वाटणी मला आजही बरोबर वाटते आणि ती फ्रीजरशिवाय झालीच नसती.

तर रविवार. मंडईतून भोपळ्याची फोड आणताना ती घट्ट आणि आतून चांगली केशरी बघून आणायची, वरच्या पिवळट फिक्या भोपळ्याला चव नसते आणि बाळाला चव कळते, कोणी काही म्हणो. गाजर, रताळं, दुधी, मटार, सफरचंद, पेअर मिळाला तर पेअर, यातलं जे त्या आठवड्यात चांगलं असेल ते. उकडायला मोदकपात्र. खरंच, इतकं सोयीचं भांडं घरात असताना बेबी स्टीमर कशाला घ्यायचा मला कळलं नाही. कुकरमध्ये पाण्यात शिजवलं की चव आणि क जीवनसत्त्व दोन्ही पाण्यात उतरतं, वाफेवर ते जास्त टिकतं, आणि खाली जे थोडं पाणी राहतं ते मी पातळ करायला वापरते. आणि मटार गाळायला पुरणयंत्र. मिक्सरच्या छोट्या भांड्यात मटार कितीही फिरवला तरी सालाचे बारीक तुकडे राहतातच आणि सहा-सात महिन्यांचं बाळ त्यांच्यावर ठसकतं. पुरणयंत्रातून काढला की खाली असा मऊ, हिरवागार, पुरणासारखा गर पडतो आणि सालं वरती पिळून राहिलेली दिसतात. होळीला कटाच्या आमटीच्या दिवशी जे यंत्र बाहेर यायचं ते आमच्याकडे दर रविवारी ओट्यावर.

मटार गाळण्यावरून सांगते. १९२७ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्रीमाँट गावात डोरोथी गर्बर नावाची बाई आपल्या तान्ह्या लेकीसाठी, सॅलीसाठी, असेच हाताने मटार गाळत बसायची. नवऱ्याच्या घरचा फळं-भाज्या डबाबंद करायचा कारखाना होता, तर तिने त्याला विचारलं की हे गाळण्याचं काम कारखान्यात का होऊ नये. १९२८ मध्ये त्यांचे गाळलेल्या मटारचे, गाजराचे डबे दुकानात आले आणि तिथून बेबीफूडचा तो सगळा धंदा फोफावला. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण त्याच्या मुळाशी धंदा नव्हता, एका दमलेल्या बाईचा मनगटाचा प्रश्न होता. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळांच्या खाण्याची जाहिरात करायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, पण प्रवासात, आजारपणात कुणी डॉक्टरांना विचारून डबा उघडला म्हणून तिच्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघावं असं मला अजिबात वाटत नाही.

गाळून झालं की खरी घाई सुरू. इथे मी कुणाशी फोनवर बोलत नाही, दार वाजलं तर नवरा जातो. मोठी परात, तिच्यात पाणी आणि बर्फ, आणि त्यात स्टीलचं पसरट पातेलं ठेवून गर सतत हलवायचा. स्टील उष्णता पटकन सोडतं, पसरट भांड्यात आणखी पटकन, दहा-बारा मिनिटांत गर बोटाला गार लागतो. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत थंडीत गेलं पाहिजे असा नियम आहे, आणि बाहेर ३२ अंशाच्या वर असेल तर एकाच तासात. आपल्या एप्रिल-मेमध्ये म्हणजे तासच धरायचा. ओट्यावर 'गार व्हायला' झाकून ठेवलेलं पातेलं, ही आपल्याकडची सवय इथे सगळ्यात घातक.

मग ट्रे. एका खणात साधारण ३० मिली, दोन मोठे चमचे. सिलिकॉनचा असला तर खालून अंगठ्याने ढकलला की क्यूब टप्पकन निघतो, फक्त गाजर-भोपळ्याने तो कायमचा केशरी होतो, कितीही घासा. झाकणाचा असावा, नाहीतर आतल्या माशांचा वास भोपळ्याला. मोठ्या डब्यात न भरता ट्रेमध्येच का, तर नुसती सोय म्हणून नाही. क्लॅरेन्स बर्डसाय म्हणून अमेरिकन माणूस होता, तो १९१० च्या दशकात कॅनडाच्या लॅब्राडोरला राहिला. तिथे इनुइट लोक मासे बर्फावर पकडतात आणि त्या भयंकर थंडीत ते क्षणात गोठतात, आणि कितीतरी दिवसांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागतात हे त्याने पाहिलं. कारण झपाट्याने गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात, हळूहळू गोठलं की मोठे होतात आणि ते भाजीच्या पेशी फाडतात, मग वितळल्यावर पाणी वेगळं आणि चोथा वेगळा. घरच्या फ्रीजरमध्ये लॅब्राडोर आणता येत नाही, पण वस्तू छोटी असेल तर ती आतपर्यंत लवकर गोठते. म्हणून खण. रात्रभर ट्रे आत, सकाळी क्यूब झिपलॉक पिशवीत, हवा दाबून काढायची, मार्करने तारीख आणि नाव. नाव लिहायचंच, कारण गोठलेलं रताळं आणि गोठलेला सफरचंद यात सकाळच्या घाईत कुणालाही फरक कळत नाही.

किती दिवस ठेवायचं याबद्दल नेटवर सहा-सहा महिने वाचायला मिळतं. नुसती भाजी-फळं असतील तर ते चुकीचं नाही, पण ते उणे १८ अंशाला कायम राहणाऱ्या फ्रीजरसाठी. आपल्या कितीतरी घरांत सिंगल डोअर फ्रीज असतो, वरती छोटा कप्पा, दार उघडलं की तोही उघडा पडल्यासारखाच. फ्रीजच्या दारावर जे स्टार चिकटवलेले असतात ते विजेच्या बचतीचे, त्यांचा या गोठवण्याशी संबंध नाही. गोठवण्याच्या कप्प्याच्या चांदण्या वेगळ्या, एक म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. म्हणून मी म्हणते की साधं फ्रीजर थर्मामीटर आणा, आत ठेवा, एक दिवस बघा. उणे १८ दिसत नसेल तर आठवड्याचंच करा, महिन्याचं करू नका. आमच्याकडे डबल डोअर आहे तरी मी महिन्याच्या पुढे काही जाऊ देत नाही, आणि डाळ, चिकन, अंडं असलेलं तर त्याच्याही आधी संपवते.

आणि वीज. पावसाळ्यात आमच्या भागात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणि आपण ऑफिसात असलो तर गेली होती हेच कळत नाही, परत येईपर्यंत सगळं पुन्हा गोठलेलं आणि वरून छान दिसतं. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. एका वाटीत पाणी गोठवा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. घरी आल्यावर नाणं वरतीच असेल तर ठीक, खाली बुडून गोठलेलं असेल तर आतलं सगळं मधे वितळलं होतं, मग जीव कितीही तुटला तरी टाकून द्यायचं. भरलेला फ्रीजर दार न उघडता दोन दिवससुद्धा तग धरतो, अर्धा रिकामा असेल तर साधारण एक दिवस. म्हणून मोकळ्या जागेत मी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते. आईंना ते नाणं फार आवडलं, रोज सकाळी दूध काढताना त्या आधी नाण्याकडे बघतात.

सगळं गोठवायचं नसतं हेही सांगायला हवं. केळं काळं पडतं, आणि मुळात केळ्याला वेळ तो काय लागतो, सोलून काट्याने कुस्करलं की झालं. चिकूचं तसंच. बटाटा वाटला की चिकट होतो आणि वितळल्यावर रवाळ. दही फुटतं. पालक आणि बीट मी बाळ लहान असताना साठवले नाहीत, त्यांच्यात नायट्रेट असतं आणि शिजवून रेंगाळलं की त्याचं नायट्राइट होतं, ते तान्ह्या बाळाला बाधू शकतं, तेव्हा ते ताजं आणि थोडंच. भात आणि खिमट पण नाही. भातात एक जिवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात आणि भात बाहेर राहिला की विष तयार करतात, जे पुन्हा गरम करून जात नाही. शिवाय खिमट करायला दहा मिनिटं लागतात, भरड तयारच असते.

यातूनच आमची रोजची पद्धत बसली आणि ती मला इतकी पटली की विचारेल तिला मी हीच सांगते. खिमट ताजं, भाजी फ्रीजरची. आई छोट्या पातेलीत भरड शिजत ठेवतात, ती मऊ झाली की आदल्या रात्री खालच्या कप्प्यात वाटीत काढून ठेवलेला भोपळ्याचा क्यूब आणि डाळीचा क्यूब त्यात टाकतात, सगळं मिळून चांगलं रटरटू देतात, वरून घरचं साजूक तूप, आणि खाली उतरवून कोमट होईपर्यंत फुंकर न घालता वाट बघायची. क्यूब आधी केशरी बेटासारखा मधे उभा असतो, मग कडेने विरघळत विरघळत सगळं खिमट केशरी होतं. मायक्रोवेव्ह आम्ही वापरत नाही, त्यात मधेच एखादा घास चटका बसेल इतका गरम राहतो. पुन्हा गोठवायचं नाही, पुन्हा पुन्हा गरम करायचं नाही. आणि वाटीतलं उरलेलं, ज्यात भरवलेला चमचा बुडला आहे, ते टाकायचं, लाळ मिसळली की ते खराब व्हायला लागतं. हा शेवटचा नियम मी सांगायच्या आधीच आईंनी लावून टाकला होता, "उष्टं उरलं ते परत नाही." अन्न टाकताना त्यांना किती वाईट वाटतं मला माहितीये, म्हणून त्या आधी थोडंच वाढून घेतात आणि लागलं तर पातेलीतून स्वच्छ चमच्याने परत घेतात. हे इतकं साधं आहे पण मला वाटतं अर्धी सुरक्षितता यातच आहे.

आता एका गोष्टीवर जरा जोरात बोलायचं आहे. फोटोत ते रंगीबेरंगी ट्रे फार सुंदर दिसतात, केशरी, हिरवा, जांभळा, आणि आपल्याला वाटतं झालं बाळाचं जेवण. नाही झालं. नुसत्या भोपळ्या-गाजरावर बाळ वाढत नाही. पोटातून आणलेला लोहाचा साठा साधारण सहा महिन्यांत संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार कमी असतं, म्हणून वरच्या खाण्याचं मोठं काम लोह आणि ताकद देणं हे आहे. त्यामुळे ट्रेमधले निम्मे खण मी डाळीचे, मसूर-मुगाचे घट्ट वाटलेले, आणि चिकनचे ठेवते. आमचं घर कोकणातलं, आईंचा भर चिकनच्या सूपवर. पण लोह चिकनमध्ये असतं, पाण्यात नाही, म्हणून शिजलेलं चिकनच बारीक वाटून त्याचे क्यूब. शाकाहारी घरात डाळ, नाचणी आणि बरोबर क जीवनसत्त्वाचं काहीतरी, म्हणजे संत्र्याचा रस चमचाभर किंवा लिंबाचे दोन थेंब, त्याने डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

तसंच वरणाच्या पाण्याचं. वरणाचं पाणी, भाताची पेज, हे पचायला हलकं म्हणून पहिल्यांदा देतात, पण बाळाच्या पोटात किलोमागे जेमतेम ३० ग्रॅम मावतं. सात किलोच्या बाळाच्या पोटात वाटीभर. ती वाटी पाण्याने भरली तर पोट भरेल आणि बाळ उपाशी राहील. चमचा तिरका केला तर लगेच ओघळू नये इतकं घट्ट हवं. पण घट्ट दिलं की गिळत नाही, मग? इथे आजीची मोडाची नाचणी. मोड आले की धान्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं, ते पिठातल्या स्टार्चला तोडतं, आणि घट्ट खिमटात त्या पिठाची चिमूट घातली की ते पाणी न वाढवता सैल होतं. बडोद्याच्या एम. एस. विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर रीतसर काम केलं. पहिल्यांदा मी ते करून बघितलं तेव्हा चमचा उभा राहील असं खिमट होतं, जरा कोमट झाल्यावर पीठ घालून ढवळलं आणि बघता बघता ते ओतता येईल असं झालं. मग पुन्हा एक उकळी द्यायची, कच्चं पीठ पोटात जायला नको. आईंना हे माहीत होतं, त्यांच्या आईने शिकवलेलं, फक्त कारण विचारायची वेळ कुणावर आली नव्हती.

एकेक पदार्थ वेगळा गोठवायचा फायदा आणखी एक. नवीन काही दिलं की दोन-तीन दिवस बाकी काही नवीन नाही, म्हणजे पुरळ उठलं, उलटी झाली तर कशाने ते कळतं. सगळं एकत्र वाटून भरलं तर कसं कळणार. शेंगदाण्याचं तर आपण उलटंच करत होतो, उष्ण म्हणून वर्षभर लांब. पण २०१५ मध्ये लंडनमधल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, ॲलर्जीचा धोका असलेल्या सहाशेहून जास्त बाळांवर केलेला, आणि त्यात लवकर शेंगदाणा खाल्लेल्यांना ॲलर्जीचं प्रमाण कितीतरी कमी दिसलं. तेव्हापासून डॉक्टर लवकर द्यायला सांगतात. अख्खा दाणा कधीच नाही, तो घशात अडकतो, एकदम बारीक कूट पातळ करून. बाळाला खूप एक्झिमा (अंगावर खाजरे, लाल चट्टे) असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर मात्र आधी डॉक्टर. मीठ, साखर, गूळ वर्षापर्यंत नाही. आणि मध नाहीच, शिजवून पण नाही, त्यात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि त्यांना घरची उकळी काही करत नाही. जन्मल्या जन्मल्या मध चाटवायची पद्धत आमच्याकडेही होती, त्यावर घरात बोलणं झालं, जरा ताणलं गेलं, पण तेव्हा आजोबांनी माझी बाजू घेतली.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची नात माझ्या लेकीएवढीच. तिच्या आईला रजा कुठली, ती चार घरची कामं करते, पगारी रजेचा कायदा तिच्यापर्यंत पोचतच नाही. अंगणवाडीतून मिळणारी पाकिटं आणि घरची नाचणी यावर त्यांचं चालतं. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या या अंगणवाडी योजनेला आपण शहरातले लोक खिजगणतीतच धरत नाही. मावशींच्या घरात फ्रीज आहे पण छोटा, भरवशाचा नाही, त्यांना मी क्यूब करा असं सांगणारच नाही. आईंनी मात्र या वर्षी नाचणीला मोड आणताना दुप्पट घातली, निम्मं पीठ तिकडे.

आता लेक दहाव्या महिन्यात आहे आणि ट्रे कमी लागतात. आठव्या महिन्यापासूनच आम्ही पुरणयंत्र बाजूला ठेवून काट्याने कुस्करायला लागलो, कारण गुळगुळीत खाण्याची सवय फार लांबली तर पुढे बाळं गुठळी तोंडात घेईनाशी होतात, दहा महिन्यांच्या आत तरी जाडंभरडं यायलाच हवं. उकडलेल्या गाजराच्या बोटाएवढ्या मऊ फोडी ती स्वतः धरते, अर्धी तोंडात अर्धी केसात. पोळीचा पापुद्रा वरणात बुडवून चोखते. नवरा म्हणाला, "अरे वा, म्हणजे आता रविवार मोकळा!" तर तसा पूर्ण नाही. वरण अजून गोठवतो, रविवारी कुकर लावला की मीठ आणि फोडणी घालायच्या आधी चार वाट्या काढून घ्यायच्या, आणि चिकन. भोपळा आता आमच्याच भाजीतला, तिखट घालायच्या आधी बाजूला काढलेला. बाकीच्या कप्प्यात डिसेंबरची जागा करायची आहे, आईंनी परवाच मटारवाल्याला भाव विचारून ठेवलाय.